सातव्या खांबाचा फत्तेनामा

श्री रेणुकामाता समर्थ. शालिवाहन शके अठराशे चौऱ्याण्णव, परिधावी नाम संवत्सर. पर्जन्याने लागोपाठ दगा दिलेला, विहिरी तळास गेलेल्या, सरकारातून जागोजाग खडी फोडण्याची कामे निघालेली, आणि रेशनावर परदेशची तांबडी मिलो ज्वारी मिळू लागलेली, ऐशा समयी नगर शहराबाहेर पुणे रस्त्यावर केडगावच्या शिवेस मोठे रण पेटले. मुलूख पाण्यावाचून तळमळत होता, आणि रण पेटले ते पाण्यासाठी नव्हे, दाण्यासाठी नव्हे, तर दोन निवृत्त गृहस्थांनी सकाळी फिरावयास गेले असता मध्ये थांबावे किंवा न थांबावे, या थोर बाबीसाठी. त्या रणाची हकीकत, कोणाची भीड न धरता आणि कोणास उगाच लहान न करता (ते काम ज्याचे त्याने केलेच आहे), येणेप्रमाणे.

या रणातील पहिले सेनापती राजमान्य राजश्री दत्तोपंत, कलेक्टर कचेरीचे निवृत्त शिरस्तेदार. यांनी तीस वर्षे दफ्तर राखले, आणि एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यास त्यांच्या कारकिर्दीत चार महिने लागत, तरी आपण जन्मात कोठे थांबलो नाही, ऐसी त्यांची स्वतःविषयी पक्की समजूत. दुसरे सेनापती काकासाहेब, मूळचे बेलापूरकडील बागाईतदार, शुगर फॅक्टरीचे माजी डायरेक्टर, मुले कर्ती झाल्यावर केडगावी बंगला बांधून राहिलेले. दोघांचे वैर जुने. पूर्वी काकासाहेब जमिनीच्या एका नकलेसाठी कचेरीत गेले असता शिरस्तेदारांनी त्यांस बाहेरच्या बाकावर तीन दिवस बसविले, आणि चवथे दिवशी सांगितले की, ही नक्कल आमच्याकडे मिळत नाही. तो बाक काकासाहेबांच्या काळजात वीस वर्षे रुतून राहिला.

मग ईश्वरी सत्ता ऐसी की, कोजागरीच्या दुसरे दिवशी दत्तोपंत वर्तमानपत्राची घडी घालीत असता त्यांचा हात सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर गेला आणि तेथेच राहिला, आणि कपाळ घामाने निथळले, आणि ते खुर्चीतच कलले. आणि त्याच आठवड्यात काकासाहेब जेवून हात धुवावयास उठले ते मोरीपाशीच बसले. आणि दोघांच्या खाटा इस्पितळात शेजारी शेजारी पडल्या. मृत्यू उशाशी येऊन बसला म्हणजे मनुष्यास वैराग्य येते, ऐसे पोथ्या सांगतात. या दोघांस ते आले नाही. झटका कोणाचा मोठा, यावरून तिसरेच दिवशी तंटा जुंपला. काकासाहेबांनी पडल्या पडल्या जाहीर केले, "आमचा झटका डबल हुता, नर्सबाईला इचारा." दत्तोपंतांनी तोंड न फिरविता उत्तर केले की, आपला झटका कागदोपत्री आहे, कार्डिओग्राम पाहून घ्यावा.

दत्तोपंतांचे कुटुंब सौभाग्यवती सुनीतीबाई. पहाटेचे स्नान, तुळशीस पाणी, मंगळवार शुक्रवारचे उपास, संकष्टीस चंद्र पाहिल्याशिवाय घास नाही, ऐसा त्यांचा नेम. बोलणे इतके हळू की, स्वयंपाकघरातला शब्द ओसरीवर पोचत नसे, आणि तो पोचावा ऐसी कोणी छत्तीस वर्षांत तजवीजही केली नव्हती. त्या बाईंनी इस्पितळाच्या व्हरांड्यात उभे राहून केडगावच्या देवीस नवस बोलला की, आई, रथसप्तमीच्या दिवशी हे आपल्या पायांनी तुझ्या पायरीशी येऊ देत, मी तुझी ओटी भरीन, आणि तोवर मिठाचा कण जिभेवर ठेवणार नाही. डॉक्टरांनी दत्तोपंतांचे मीठ तोडलेच होते. ते एकटे अळणी कसे गिळतील, हाही त्या नवसात भाव होता. तो मात्र बाईंनी देवीसही सांगितला नाही. त्या दिवसापासून त्यांस दुसरी चिंता उरली नाही. पंतांनी रथसप्तमीपर्यंत जगावे आणि त्या दिवशी चालावे, बस्स.

मार्गशीर्षात डॉक्टर शरच्चंद्र यांनी, वय कोवळे परंतु विद्या जून, उभयतांस चालण्याचे हुकूम लिहून दिले. दत्तोपंतांस हुकूम जाहला की, रोज सकाळी एकसारख्या संथ चालीने वीस मिनिटे चालावे, चाल इतकीच ठेवावी की तोंडाने पाढा म्हणता यावा, आणि पाढा तुटला की समजावे, चाल जास्त जाहली. काकासाहेबांस हुकूम जाहला की, आपली छाती सलग चालण्याने लवकर भरून येते, सबब तारेचे दोन खांब जरा झपझप चालावे, मग दोन खांब अगदी सावकाश, म्हणजे काळजास मधून मधून विसावा मिळून एकूण चाल जास्त पडते. परदेशचे डॉक्टर हल्ली ऐसेही करून पाहात आहेत. दोन काळजे निराळी म्हणून दोन हुकूम निराळे, इतकी ही साधी गोष्ट. मोगलाईतला अडाणी शिलेदारही समजून असे की, एका घोड्यास दाणा-चंदी वेगळी, दुसऱ्यास वेगळी. परंतु शिलेदार शिकलेला नसे. हे दोघे शिकलेले.

दोघांनी चिठ्ठ्या ताडून पाहिल्या, आणि दत्तोपंतांनी देवळाच्या ओट्यावर चार लोकांदेखत निकाल दिला की, ज्यास मध्ये थांबण्याची परवानगी लागते तो लंगडा, आणि आपणांस डॉक्टरांनी सलग चालण्यास सांगितले यातच सर्व आले. हे वर्तमान काकासाहेबांस कळताच त्यांनी जातीने येऊन त्याच ओट्यावर जबाब केला, "आवो, आमाला थांबायचं शिकवलं कुनी? याच शिरस्तेदारसायबांनी! तीन दीस बाकावर बसून बसून आमच्या काळजाला थांबायची सवच लागली. डाक्टरनं ती बराबर वळाखली."

ओटा हासला. ओटा हासला तो दत्तोपंतांच्या वर्मी लागला, आणि तेथून दोन पक्ष पडले, एक सलगवाल्यांचा आणि एक थांबत्यांचा. पेन्शनरांनी बहुतकरून सलग बाजू धरली, बागाईतदारांनी थांबती धरली, आणि ज्यांच्या काळजास जन्मात काही जाहले नव्हते ते तर दोन्हीकडून हिरिरीने भांडू लागले, कारण त्यांस दम पुष्कळ होता. एक म्हणे, नदी कधी थांबते काय? दुसरा म्हणे, बैलसुद्धा नांगराच्या तासाला फिरताना दम खातो. नदीस त्या साली पाणी नव्हते आणि बैल छावणीत होते, परंतु दृष्टांत देणाऱ्यास त्याचे काय.

घरी दत्तोपंतांनी धर्मशास्त्रही बाहेर काढले. जेवता जेवता त्यांनी बाईंस सवाल टाकला, "तुझ्या व्रतात खंड चालतो का? एक दिवस चुकला तर पहिल्यापासून धरतेस ना? मग चालण्यात कसा चालेल?" बाईंनी पानावर ताक वाढले. त्यांच्या मनात आले की, व्रत देवीचे असते आणि चालणे यांचे आहे. आणि देवीपुढे प्रदक्षिणा घालतानासुद्धा सांगून ठेवले आहे की, भरली घागर डोईवर घेतलेल्या गर्भार बाईच्या पावलांनी जावे, धावू नये, आणि फेरी पुरी झाली की उभे राहून नमस्कार करावा आणि मग पुढची उचलावी. परंतु हे त्या बोलल्या नाहीत, कारण पंतांचा सवाल उत्तरासाठी नव्हताच.

त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चालू होते. तिसगावाकडून आलेली बायामाणसे दिवस उगवता खडी फोडावयास बसत, पाट्या वाहात, आणि गहिनीनाथ मुकादम छत्री घेऊन त्यांच्यामध्ये फिरे. पाऊस नव्हता, छत्री दाखविण्यासाठी होती. त्यात झुंबरबाई म्हणून एक पन्नाशीची बाई, हाडे मोजून घ्यावी ऐसी, सातव्या खांबापाशी तिचा ढीग. सुनीतीबाई रोज सकाळी देवीस जाताना तिच्या मडक्यापाशी गुळाचा खडा ठेवून जात आणि घटकाभर टेकत. समोरून दोन्ही सेना जात. काकासाहेब दोन खांब धोतराचा सोगा धरून सुटत, मग दोन खांब हात हालवीत, मागे वळून बघत. दत्तोपंत नाकासमोर बघून, दिडकीचा पाढा पुटपुटत, आणि चाल रोज थोडी वाढवीत, कारण पुढे काकासाहेब दिसत.

झुंबरबाईने एकदा हातोडी खाली ठेवून विचारले, "आक्का, हे रोज कुठं जात्यात वं? काय पोचवायचं हाय का?"

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. "छाती बरी व्हावी म्हणून चालतात."

"मंग त्यो एक पळतोय कशाला, अन् तुमचं मालक त्याच्यावर डोळा ठिवून चालत्यात कशाला? छाती काय त्याच्यापाशी हाय?" आणि मग ती आपलीच हसली आणि म्हणाली, "आता आमचं बघा. धा घाव घालायचं अन् दोन येळा दम खायचा. तसं केलं तर सांच्यापतोर हात चालतोय. न्हाईतर दुपारीच छाती फुटंल. पर ह्यो मुकादम दम खाऊ देत न्हाई. म्हंतो, सरकार बसायला पैका देत न्हाई."

तो दम खाण्याचा शब्द बाईंच्या मनात खिळ्याप्रमाणे बसला. त्या एकदा धीर करून डॉक्टर शरच्चंद्रांकडे गेल्या आणि विचारते झाल्या की, हे मध्ये थांबले तर काही वाईट होईल काय? डॉक्टरांनी सांगितले की, थांबण्याने कोणी मेल्याचे ऐकिवात नाही, मरतात ते ईर्ष्येने. आणि मग जिभेखाली ठेवावयाच्या गोळ्यांची पुडी दिली आणि बजावले की, छातीत कळ आली तर जागच्या जागी थांबवावे आणि ही द्यावी. बाईंनी ती पुडी पदराच्या गाठीत बांधली. जागच्या जागी थांबवावे, हे डॉक्टरांस सांगणे सोपे. जो गृहस्थ छत्तीस वर्षांत बायकोच्या शब्दावर एक पाऊल मागे आला नाही, त्यास थांबवावे कसे, हे त्यांनी सांगितले नाही.

मग पौष सरला, माघ लागला, आणि काकासाहेबांनी ओट्यावर जाहीर विडा मांडला की, रथसप्तमीस सूर्य उगवता दोघांनी आपापल्या चालीने देवीस निघावे, शिरस्तेदारांच्या फाटकापासून देवीच्या पायरीपर्यंत खांब अठ्ठावीस, जो मागाहून पोचेल त्याने चार लोकांसमक्ष दुसऱ्याची चाल जन्मभर पत्करावी. दत्तोपंतांनी विडा उचलला, आणि एक शर्त वाढविली की, आपण अठ्ठावीस खांबांत एकदाही थांबणार नाही, थांबलो तर हरलो ऐसे समजावे. डॉक्टरांस कळवू नये, यावर मात्र दोन्ही पक्षांचे तत्काळ एकमत जाहले. इतके एकमत त्यांचे पूर्वी कधी जाहले नव्हते.

बाईंनी ऐकले आणि त्या देवघरात जाऊन बसल्या. नवस रथसप्तमीचा. दिवसही तोच, वाटही तीच, पायरीही तीच. त्या दिवशी न जावे म्हणावे तर नवस राहातो, जावे तर हे थांबणार नाहीत.

रथसप्तमी उजाडली. बाईंनी अंगणात रांगोळीचा रथ काढला, सात घोडे काढले, गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवले. दूध उतू जाईपर्यंत घरच्या धन्याने उभे राहावे, ऐसी रीत. दूध नुसते फुगावयास लागले, आणि फाटकाबाहेरून काकासाहेबांची हाक आली, "शिरस्तेदार, निघायचं का अर्ज करू?" आणि दत्तोपंत तसेच पायात वहाणा सरकवून निघाले. बाईंनी ओटीचे ताट उचलले आणि वीस पावले मागून निघाल्या. मागे दूध उतू गेले असेल, ते कोणी पाहिले नाही.

पुढे रण जाहले ते ऐसे. पहिले दोन खांब काकासाहेब सुटले ते डॉक्टरांच्या झपझप चालीने नव्हे, तर सरळ धावतच सुटले, आणि सोगा वाऱ्यावर उडू लागला, आणि थांबत्या पक्षाने ओरडून गगन भरले. मग तिसऱ्या चवथ्या खांबास ते सावकाश जाहले, आणि दत्तोपंत त्यांस मागे टाकून पुढे गेले, आणि सलग पक्षाने टाळ्या पिटल्या. टाळ्या ऐकून दत्तोपंतांची चाल वाढली. मग पाचव्या खांबास काकासाहेब पुन्हा सुटले आणि खांद्यास खांदा घासून गेले आणि जाता जाता म्हणाले, "बसा बाकावर!" आणि दत्तोपंतांची चाल आणखी वाढली.

बाई मागून पाढा ऐकत होत्या. एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार. मग श्वास. चार दीड सहा. मग दोन श्वास. पाच दीड, आणि पुढे काही नाही. वहाणांचा आवाज येत होता, पाढ्याचा येत नव्हता. माघाची थंडी, तरी मानेवरचा सदरा भिजून चिकटलेला. आणि मग बाईंनी पाहिले की, उजवा हात हळूच वर जातो आहे आणि दुसऱ्या बटणाशी जाऊन बसतो आहे. तो हात त्यांनी कोजागरीच्या दुसरे दिवशी पाहिला होता.

तेव्हा छत्तीस वर्षांत जे घडले नाही ते घडले. बाईंनी रस्त्यावर, परक्या पुरुषांदेखत, आवाज चढविला. "अहो! थांबा!"

दत्तोपंतांनी नुसती मान हालविली. नाही.

सातवा खांब समोर होता आणि झुंबरबाईचा ढीग होता. बाईंनी अंगणातले सात घोडे आठवले, आणि ज्या जिभेने आजवर देवीच्या नावाने खोटा शब्द उच्चारला नव्हता, त्या जिभेने त्या बोलल्या, "मी देवीला बोललेय! रथाला सात घोडे, तर सात खांबांना एक नमस्कार. उभं राहून, श्वास खाली बसेपर्यंत. नाही थांबलात तर नवस मोडतो!"

ऐसा नवस त्यांनी कधी बोलला नव्हता.

परंतु दत्तोपंत थांबले. डॉक्टरांचा हुकूम जेथे पोचला नाही, स्वतःचे काळीज दोन खांबांपासून ओरडत होते तेही जेथे पोचले नाही, तेथे नवस पोचला, कारण देवीपुढे थांबण्यात शिरस्तेदारांची बेअब्रू नव्हती. ते सातव्या खांबास टेकले, आणि बाईंनी पदराची गाठ सोडून प्रसाद घ्या म्हणत गोळी जिभेखाली घातली, आणि झुंबरबाईने मडक्यातले पाणी पुढे केले. एरवी दत्तोपंत कोणाच्या हातचे पाणी घेताना चार गोष्टी विचारीत. या वेळी काही विचारले नाही. धर्म बदलला होता ऐसे नव्हे, दम नव्हता.

काकासाहेब नवव्या खांबापर्यंत गेले होते. तेथून त्यांनी मागे पाहिले. आता मैदान मोकळे, पायरी त्यांचीच. परंतु देवीचे नाव त्यांच्याही कानी गेले होते, आणि खरे सांगावयाचे तर त्यांचेही ओठ जांभळे पडले होते आणि पुढचा खांब दोन दोन दिसत होता. ते लटपटत माघारी आले आणि खडीवर बसले आणि म्हणाले, "देवीचं हाय म्हनल्यावर काय इलाज! एकट्याचा थोडाच हाय नवस. आमीबी करतो." मग उभयतां सेनापती, एक खांबास टेकलेला आणि एक खडीवर बसलेला, हात जोडून डोळे मिटून राहिले. समोर देवही नव्हता, देऊळही नव्हते, तर झुंबरबाईने फोडलेल्या खडीचा ढीग होता. त्यासच नमस्कार जाहला.

बऱ्याच वेळाने दत्तोपंतांचे ओठ हालले. "पाच दीड साडेसात." बाईंनी ताट उचलले.

तेथून पुढे चौदाव्या खांबास थांबले, एकविसाव्यास थांबले, आणि अठ्ठाविसावा खांब देवीच्या दाराशीच होता. धावण्यास आता कोणास जागा नव्हती. सात खांबांना एक नमस्कार, त्यात पुढे गेलेल्यास मागच्यासाठी थांबावेच लागे. पायरीस दोघांचे पाय एकदमच लागले. बाईंनी ओटी भरली. हळद लावताना त्या मनात म्हणाल्या, आई, तुझ्या नावाने खोटे बोलले. आता ते खोटे राहू देऊ नकोस. जन्मभर सात खांबांना एक नमस्कार मी करीन, आणि आज मिठाचा नेम सुटायचा तो आणखी आठ दिवस सुटणार नाही. देवीने काही उत्तर केले नाही. बाईंस उत्तर न मिळण्याची सवय होतीच.

बाहेर ओट्यावर मात्र विजयाची वाटणी चालली होती. दत्तोपंतांनी जाहीर केले की, आपण थांबलोच नाही, आपण नमस्कार केला, आणि नमस्कार ही धर्मक्रिया असून ती चालण्यातच धरावी, सबब सलग चालीची फत्ते जाहली. काकासाहेबांनी जाहीर केले की, "उबा ऱ्हायला म्हंजी थांबला! नमस्कार करा न्हाईतर तंबाखू मळा." सबब थांबत्या चालीची फत्ते जाहली. मग दोन्ही पक्षांनी विजयाप्रीत्यर्थ समोरच्या हॉटेलातून तळलेली कांदाभजी मागविली, तेलाने कागद पारदर्शक जाहला, आणि ज्या काळजांसाठी इतके रण जाहले त्यांवर ती भजी दोन्ही सेनापतींनी स्वहस्ते घातली. बाईंनी तो कागद उचलून नेला तेव्हा त्यात चारच उरली होती.

दुसरे दिवशी बाईंनी दत्तोपंतांस डॉक्टरांकडे नेले आणि पैजेचे सर्व सांगितले. डॉक्टरांनी प्रथम शिरस्तेदारांस इतके बोलून घेतले की, कचेरीत शिपायासही कोणी इतके बोलले नव्हते. मग नाडी पाहिली, कार्डिओग्राम काढला, आणि पुष्कळ वेळ कागदाकडे पाहून पुसले की, सात खांबांना विसावा ही मात्रा कोणाची? दत्तोपंत म्हणाले, "आमच्या हिचा काही नवस होता." डॉक्टरांनी हुकूम लिहिला की, सलग चालावे अगर थांबत चालावे, उभयतांनी आपल्या दमाने चालावे, शेजाऱ्याच्या नव्हे, सात खांबांचा नमस्कार कायम करावा, आणि पैज लावल्यास दोघांसही पुन्हा खाटेवर निजवून खाटांमध्ये पडदा लावण्यात येईल, म्हणजे एकमेकांचे तोंड दिसणार नाही. ही शेवटची शिक्षा ऐकून काकासाहेब म्हणे मनापासून घाबरले.

आता राहिली हकीकत ती सातव्या खांबाची. दोन प्रतिष्ठित गृहस्थ रोज सकाळी खडीच्या ढिगापुढे डोळे मिटून उभे राहातात, हे लोकांनी पाहिले. तिसरे दिवशी ढिगावर कोणी हळदकुंकू वाहिले. चवथे दिवशी झेंडूचे फूल. पाचवे दिवशी एक दगड शेंदूर लावलेला. गहिनीनाथ मुकादम ढीग मोजावयास आला, त्याने टेप काढला, शेंदूर पाहिला, आणि टेप खिशात घातला. मग झुंबरबाईने सहा पाट्या वाहिल्या, सातवी वाहिली, आणि हात जोडून, डोळे मिटून, श्वास खाली बसेपर्यंत उभी राहिली. तिच्यामागे दुसरी राहिली. मग सगळी ओळच. मुकादमाने "ए, ए" म्हणून छत्री उगारली. झुंबरबाई डोळे न उघडता म्हणाली, "देवीचं हाय, मुकादम. सात पाट्यांला एक. तुमीच सांगा देवीला बंद म्हनून." मुकादमाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, छत्री मिटली, आणि टोपी काढून उभा राहिला.

आठवा दिवस पुरा जाहला त्या सकाळी सुनीतीबाई सातव्या खांबाशी पोचल्या. पुढे दत्तोपंत नमस्कार करून चालू लागले होते आणि पाढा न तुटता ऐकू येत होता, आठ दीड बारा, नऊ दीड साडेतेरा, दहा दीड पंधरा. बाई ढिगाच्या कडेस टेकल्या. पाट्यांची ओळ नमस्कारास थांबली होती. झुंबरबाईने फडक्यातून मिलोची भाकरी सोडली, वर मिरचीचा खर्डा, आणि अर्धी मोडून पुढे केली. "खा आक्का. मीठ लई पडलंय बगा आज."

बाईंनी घास घेतला.

शके अठराशे चौऱ्याण्णव, माघ मासी, केडगावची मोहीम येणेप्रमाणे फत्ते जाहली. सलगवाले म्हणतात आपली, थांबते म्हणतात आपली. ओट्यावर तो वाद अद्याप चालू आहे, त्यास विसावा नाही. सौभाग्यवती सुनीतीबाईंनी चार महिन्यांनी मीठ खाल्ले, सातव्या खांबापाशी, झुंबरबाईच्या भाकरीवरचे. जाणिजे.